शेवटची पायरी

परवा कपाट आवरताना स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या रोमन थिएटरची पुस्तिका सापडली. तिथे मी आणि बाबा जाणार होतो. बाबा इतिहासाचे मास्तर.

दोन हजार एकवीस साली, कोरोनात, ते सांगलीत ऑक्सिजनवर होते आणि मी इथे आयर्लंडमध्ये गॉलवेत अडकलेली. सिस्टरनी फोन त्यांच्या कानाशी धरला.

“ते थिएटरचं वाच गं,” ते कसेबसे म्हणाले.

हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन म्यूट केला, डोळे पुसले आणि वाचत सुटले. थिएटरवर बाजार बसला, मग घरं उठली, शहर त्याला साफ विसरलं. तिथे रंगमंचावरचा शब्द शेवटच्या पायरीपर्यंत पोचायचा.

“ताई, काहीच ऐकू येत नव्हतं,” सिस्टर म्हणाल्या. “वाट बघून सर झोपले.”

ते पुन्हा उठले नाहीत.