खिशातला रेडिओ

रेडिओ केंद्रातले टॉवरकाका तसे शांत, पण ट्रान्समीटरच्या बाबतीत बापाचंही ऐकायचे नाहीत. सव्वीस वर्षं त्यांचा एकच नेम. वर चढण्याआधी ट्रान्समीटर बंद करायचा, कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकायची. दुसऱ्या खिशात छोटा रेडिओ चालू ठेवायचा. तो नुसता खरखरला, की समजायचं, अँटेनाला हात लावायला हरकत नाही.

त्या दिवशी काका अर्ध्यावर पोचले आणि रेडिओ चक्क बोलायला लागला. केंद्राच्या साहेबांचा आवाज! "श्रोतेहो, आमचे टॉवरकाका आत्ता वर अँटेना दुरुस्त करताहेत. व्यत्ययाबद्दल क्षमस्व."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली उतरले. ट्रान्समीटरच्या कुलपात दुसरीच किल्ली लटकत होती. ते तडक स्टुडिओत घुसले.

"अहो, दोनच मिनिटं लावला," साहेब म्हणाले. "लोकांना कळवायला नको?"

"आणि मी भाजून खाली पडलो असतो, तर माझ्या बायकोला कोण कळवणार होतं?"

काकांनी टॉवरवर चढताना बांधायचा कमरेचा पट्टा सोडून साहेबांच्या मांडीवर टाकला.

"आता तुम्ही चढा. दोन मिनिटं मी बोलतो."