ईस्टरच्या सकाळी आईने मला पाहिलं

आईची खबर आली तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला औषध भरवत होते. त्या क्षणापासून कितीतरी दिवस मला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटायचे, पण शब्द यायचे नाहीत.

मी पेशाने परिचारिका. नऊ वर्षांपासून आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका सरोवराकाठच्या खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यात सेवा करते. पहाटे प्रार्थना, मग व्हरांड्यात ताटकळणारी तापाची लेकरं, दिवस भरलेल्या बाया, दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आणि पालेभाजी. ईस्टरला तिथे सकाळभर ढोल वाजतात. बायका डोक्यावर भोपळे, कणसं, कोंबड्या घेऊन नाचत वेदीपर्यंत येतात. पहिल्या वर्षी ते पाहताना बाकांवर ताठ बसणारी आमच्या सौंसरच्या चर्चची मंडळी आठवून मला हसू आलं होतं. पुढे त्याच ढोलांनी मला आपलंसं केलं. गावी, मोहगावात, आई एकटी. वडील गेलेले, आणि मी एकुलती एक. "आईचं प्रभू पाहून घेईल," असं मी सगळ्यांना सांगत असे. फोन आला तेव्हा कळलं, हे वाक्य मी किती स्वस्तात वापरत होते.

शेजारच्या पंचफुलाबाईंना आई अंगणात पडलेली दिसली. त्यांनीच तिला जीपमध्ये घालून पांढुर्ण्याला दवाखान्यात नेलं. डावी बाजू लुळी पडली होती. रजा आणि तिकीट मिळेपर्यंत बारा दिवस गेले. विमानात मी मिशनला पत्र लिहिलं, मला सेवेतून मोकळं करा. गुड फ्रायडेच्या दुपारी मी घरी पोचले.

दवाखान्यातून घरी आणलेल्या आईची खाट भिंतीला लागून होती. मी अलीकडे स्टूल घेऊन बसले, तिचा लुळा हात हातात घेतला आणि हाक मारली. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. पेज भरवायला गेले, तर चमचा ओठांना लागताच ती दचकली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शनिवारी ती भिंतीकडे पाहत अडखळत म्हणाली, "माही पोरगी... आली काय?"

"आई, मी इथंच आहे."

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा भिंतीलाच.

नऊ वर्षांचा राग आहे हा, मला वाटलं. तो रास्तही होता. पंचफुलाबाई बोरगावकडे संत्र्याच्या मळ्यात कामाला जात आणि सकाळ-संध्याकाळ येऊन आईला भरवत. त्या आल्या की सरळ खाटेवर चढत, आई आणि भिंत यांच्या सांदीत मांडी घालून बसत, आणि आई त्यांच्या हातून मुकाट्याने जेवे. मला त्यांचे आभार मानायला हवे होते. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

ईस्टरच्या दिवशी त्या उजाडताच आल्या. "जय भीम, बाई. आज तुहा मोठा सण हाय ना? जाय सौंसरले. मी आज कामाले नाही जात, मायपाशी बसतो."

मी म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ, मावशी? आई माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिनं मला माफ केलेलं नाही." आणि दोन दिवस आवरलेलं रडू फुटलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "राग कायचा? तू तिकून बसून राहिली ना! तिकडचं तिले दिसतच नाही. ताटातली भाकर बी अर्धीच खाते, डाव्या अंगाची तशीच पडून राहते. म्हणून तं मी भिंतीकून चढतो."

"दवाखान्यात सांगितलं का तुम्हाला?"

"कोण सांगते? पाहून पाहून समजलं."

अर्धांगवायूच्या रोग्याला कधी कधी लुळ्या बाजूचं जगच उमगत नाही. तिकडचं माणूस नाही, आवाजही नाही. हे मी कितीतरी नातेवाइकांना स्वतः शिकवलं आहे. पण त्या दोन दिवसांत मी रोगी पाहतच नव्हते, फक्त माझा अपराध पाहत होते.

आम्ही दोघींनी खाट ओढून भिंतीपासून दूर केली. मी पलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसले. आईची नजर माझ्यावर थांबली. तिचा धड हात हळूहळू उचलला गेला, माझ्या गालावरून फिरला, आणि तिने मला घरच्या नावाने हाक मारली.

"केव्हा आली वं? मी रोज वाट पाहून राहिलो."

"आत्ताच आले, आई."

तिने माझ्या हातून अर्धी वाटी पेज घेतली. पंचफुलाबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, "आता जाय. उशीर होऊन राहिला."

सौंसरच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा पाळक ईस्टरचा उतारा वाचत होते. रिकाम्या कबरीपाशी बागेत रडणारी मरिया ही शिष्या, समोर मेलेल्यांतून उठलेला प्रभू उभा, आणि तो नावाने हाक मारीपर्यंत तिला ओळख पटत नाही. दर वर्षी ऐकलेला भाग. त्या दिवशी मला गाता आलं नाही, पण डोळे मिटले तेव्हा शब्द आले.

याला चमत्कार म्हणावं का, मला माहीत नाही. विमानात लिहिलेलं ते पत्र मी पोस्टात टाकलं नाही, फाडलंही नाही. प्रभूला एवढंच म्हणाले, तू सांगशील ते. पाच महिने आईजवळ राहिले. ती काठी घेऊन अंगणात फिरू लागली तेव्हा तीच म्हणाली, "तिथल्या बाया वाट पाहत असतीन. जाय तू." निघताना मी पंचफुलाबाईंचे पाय धरू लागले, तर त्या बाजूला सरकल्या. "रोज रोज आभार कायचे? चहा मांड."

मी आता पुन्हा सरोवराकाठी आहे. "प्रभू पाहून घेईल" हे वाक्य आता जपून उच्चारते, कारण तो कुणाच्या डोळ्यांनी पाहतो ते मला ठाऊक आहे. रविवारी प्रार्थनेसाठी नावं घेतात, तेव्हा मी पंचफुलाबाईंचं नाव देते. इथल्या बायांना ते नीट म्हणता येत नाही. त्यांच्या भाषेत पावसाला 'म्वुला' म्हणतात, म्हणून त्या 'पांच-म्वुला' म्हणतात. त्यांना वाटतं, माझ्या गावच्या त्या बाईचं नाव पाऊस आहे. मी त्यांना दुरुस्त करत नाही. डोळे मिटते आणि आमेन म्हणते.