वर बघून चालणारे तात्या

तात्या रस्त्यानं चालताना कधी खाली बघत नसत. मान वर, नजर तारांवर आणि पाय देवाच्या हवाली. शेणात पाय पडायचा, गटारीत पडायचा, कुत्र्याच्या शेपटीवर पडायचा, पण नजर काही खाली यायची नाही. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा माझ्या आठवणीत कायम फुटलेलाच आहे. नख जरा कुठं धरू लागलं की पुन्हा ठेच. आई हळद भरता भरता म्हणायची, "जमिनीवर बी माणसं राहत्यात म्हणावं." तात्या शांतपणे उत्तर द्यायचे, "जमिनीवरचं बिघडलं तर माणूस ठेचाळतंय. वरचं बिघडलं तर मरतंय. मग कुठं बघावं, तूच सांग." मग आई हळद जरा जोरात दाबायची.

तात्या म्हणजे माझे वडील, गेवराईजवळच्या आमच्या गावाचे वायरमन. निवृत्त झाले तरी गावानं ते पद त्यांच्याकडून काढून घेतलं नाही. लहान पोरापासून पुढाऱ्यापर्यंत सगळे त्यांना वायरमनच म्हणत आणि मी वायरमनची लेक. लग्न होऊन बीडला आले तेव्हा सासरी मी हे मिरवून सांगत असे. आता बीडच्या बसस्टँडवर गावाकडचं कुणी भेटून "वायरमनची लेक ना तू?" म्हणालं, की मला लगेच पर्समध्ये काहीतरी शोधायचं असतं.

आमच्याकडे खांबावरच्या तारेला आकडा टाकून फुकटची वीज घेणं ही काही फार दडवण्याची गोष्ट नाही. ते आकडे काढणं हे तात्यांचं काम. पण त्यांची काढायची रीत अशी होती की तालुक्यात तशी दुसऱ्या कुणाची नव्हती. कोरड्या बांबूची लांब काठी घेऊन ते घरासमोर उभे राहत आणि आधी मोठ्यानं हाक देत, "आकडा काढतोय हो! घरात मिक्सर लावलाय का कुणी?" चटणी अर्धी राहू नये, चालतं यंत्र झटक्यात बंद पडून बिघडू नये, म्हणून ही विचारपूस. आतून "थांबा जरा" आलं तर थांबायचेसुद्धा. मग आकडा काढायचा, वायर हाताच्या पंजावर आणि कोपरावर घेऊन तिची सुबक गुंडाळी करायची, टोक आत खोचायचं आणि ज्याची त्याच्या दाराच्या खिळ्याला अडकवून द्यायची. जप्ती नाही, तक्रार नाही, चार शिव्या नाहीत. जाताना एवढंच म्हणायचे, "वायर तुमची. करंट गावाचा."

एकदा गावातल्या पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात मांडवभर दिव्यांच्या झालरी पेटल्या होत्या, अर्थातच आकड्यावर. तात्या काठी घेऊन हजर. पुढाऱ्याचा पुतण्या अंगावर आला, "काहून काढायलास बे, वायरमन? कुणाचं लगीन हाय म्हाईत न्हाई का?" तात्या म्हणाले, "म्हाईत हाय की. आहेर बी आणलाय. पर तुमच्या झालरीपायी खालच्या आळीला लाईट पिवळी पडलीय, त्यांनी काय अंधारात जेवावं?" आकडा काढला, गुंडाळी मांडवाच्या खांबाला अडकवली, आहेर दिला आणि पंगतीला बसले. वाढप्यानं त्यांना बुंदी वाढली नाही म्हणतात. ते मात्र घरी येऊन कौतुकानं सांगत होते की भाजी लई चांगली होती.

सरूबाईचा आकडाही त्यांनी असाच काढला होता. ही गावाबाहेर पत्र्याच्या घरात राहणारी, शेळ्या राखणारी बाई. एक दिवा, एक पंखा, दुसरं काही नाही. तेवढ्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? आई त्या दिवशी तात्यांशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तात्या सरूबाईला घेऊन गेवराईला गेले, लाईटच्या ऑफिसात बसून राहिले आणि मीटर मंजूर करूनच परतले. जोडणी स्वतः करून दिली. तेव्हापासून सरूबाई दर महिन्याला बिल भरायला एसटीनं जायची आणि पावती तात्यांना दाखवून मगच घरी जायची. तात्या ती पावती वाचायचे, मान डोलवायचे. त्या दोघांमधला हा मान मला तेव्हा जरा गमतीचा वाटायचा.

आता बाळूचं सांगायला हवं. बाळू माझा धाकटा भाऊ. गेवराईत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं लहानसं दुकान होतं. तिथं बसून बसून त्याच्या डोक्यात क्रिप्टोच्या नाण्यांची खाण शिरली, म्हणजे कॉम्प्युटरला रात्रंदिवस गणितं करायला लावून आभासी नाणी काढायची. मोठ्या नाण्याच्या खाणीत आता आपल्यासारख्याला जागा नाही, ती बड्या लोकांनी धरलीय, आपण बारकी नाणी काढायची, आज मातीमोल आहेत पण उद्या त्यातलंच एखादं वर गेलं की आयुष्य निघालं, असं तो आम्हाला समजावून सांगायचा. आई म्हणाली, "खाण म्हंजी खांदायची कुठं?" मग एक लोखंडी घोडा, म्हणजे उभी मांडणी, आला, त्यावर जुन्या बाजारातून आणलेली ग्राफिक कार्डं ओळीनं बसली, पंखे लागले आणि मागची कडब्याची खोली रात्रंदिवस गिरणीसारखी घुमू लागली. तात्यांच्या फंडातली बरीचशी रक्कम त्या घोड्यावर बसली.

तात्यांना नाणं कळलं नाही, पण यंत्र फार आवडलं. ते खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसत. "युनिट किती खातंय?" हा त्यांचा एकच प्रश्न. खोली इतकी तापायची की पावसाळ्यात आई धुणं तिथं वाळत घालू लागली. तासाभरात कपडे खडखडीत. सगळ्या आळीचे कपडे आंबुस वास मारायचे तेव्हा आमचे कोरडे असत. या धंद्याचा निर्विवाद म्हणावा असा फायदा मला तरी तेवढाच दिसला.

कारण पहिलं बिल आलं आणि बाळूचं तोंड उतरलं. महिन्याभरात निघालेली सगळी नाणी विकली तरी ते बिल भागत नव्हतं. बाळूनं दुसरं नाणं धरलं, मग तिसरं. एखादं चार दिवस परवडायचं, मग भाव तरी पडायचा किंवा काढणारे तरी वाढायचे, आणि बिल पुन्हा पुढं. मी बीडहून फोनवर म्हटलं, "बंद कर बाबा आता." तो म्हणाला, "ताई, बिल सोडलं तर सगळं फायद्यातच हाय की." मी हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला नंतर कळलं. बिल भरलं तर तोटा, चुकवलं तर नफा. म्हणजे खाण नाण्यांची नव्हतीच, ती खांबावर होती.

बाळू एक दिवस आकडा टाकायला गेला. वायरमनच्या पोटी जन्मून त्याला आकडाही नीट टाकता येत नव्हता. झटका बसला, हात काळानिळा झाला, भिंतीवरून खाली पडला, थोडक्यात वाचला. तात्यांनी नोकरीत तारेला चिकटलेली माणसं स्वतःच्या हातानं सोडवून खाली घेतलेली होती. कोळसा झालेली बोटं त्यांनी बघितली होती. आईनं सांगितलं, तात्या दोन दिवस जेवले नाहीत नीट. पोरगं ऐकणार नाही, पुन्हा चढणार, हे त्यांना कळत होतं. मग एके दिवशी दुपारी उठले, जू मानेवर घेतलेल्या बैलासारखे जड पावलांनी निघाले, आणि लिंबाच्या झाडामागच्या खांबावरून आमच्या घराला आकडा टाकून आले. आईला म्हणाले, "टाकायचाच तर नीट टाकू. पोरगं चिकटून मरायला नको."

आणि टाकला कसा! जोडावर टेप, वायरीला ताण पडू नये म्हणून दोरीची आधारगाठ, पाणी आत उतरू नये म्हणून दिलेला खालचा बाक. इतका देखणा आकडा गावात कुणाचाच नव्हता. त्यांना वाईट काम करता येत नव्हतं, तर ते चोरीचं कामही चांगलंच करून बसले. हळूहळू अख्खं घर त्यावर गेलं. मीटर भिंतीवर शोभेला राहिलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी पंचमीला माहेरी गेले. पंचमीला चिरायचं-दळायचं नसतं, म्हणून आदल्या दिवशी मी आणि आई सगळं उरकून घेत होतो. मी शेंगदाण्याचं कूट करत होते. बाहेर हाक आली.

"वायरमन! आकडा काढतेय हो! घरात मिक्सर लावलाय का कुणी?"

मिक्सर मीच लावला होता. क्षणभर मला वाटलं कुणी थट्टा करतंय. दारात आले तर सरूबाई. मागं शेळ्या आणि हातात ओला बांबू. पण ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तात्या बाजेवर बसले होते, ते उठून उभे राहिले.

"वायरमन," ती म्हणाली, "दोन महिनं झालं माझा दिवा पिवळा पडलाय. मला वाटलं डोळंच गेलं. बीडला जाऊन डाक्टरला दावून आले. डाक्टर म्हनला, मावशी, डोळं चांगलं हायेत. मग म्या वर बघितलं." तिनं बांबू खाली टेकवला. "बांधणी वळखली तुमची. पैल्यांदा वाटलं, कुनाला मीटर जोडून दिला असंल तुमी."

सरूबाईनं बांबू उचलला तसे तात्या चटकन पुढं झाले. "थांब आक्का. बांबू ओला हाय तुझा, झटका बसंल." आढ्यावरची आपली कोरडी काठी त्यांनी काढली. घराकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मिक्सर बंद करा. बाळू, मशीन बंद कर." मी बटण दाबलं. मागच्या खोलीतली घरघर थांबली आणि इतके दिवस तिच्याखाली दबलेले सगळे आवाज एकदम ऐकू आले. शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा.

त्यांनी आकडा काढला. पंजा आणि कोपरावर वायर गुंडाळली, टोक आत खोचलं. इथपर्यंत हात आपोआप चालले. मग ते गुंडाळी घेऊन अंगणात तसेच उभे राहिले. आता ती कुणाच्या दाराला अडकवायची, हे जणू त्यांना आठवेना. आळीतली माणसं आपापल्या उंबऱ्यात आली होती. शेवटी ते आमच्याच दारापाशी आले आणि ज्या खिळ्याला आई दसऱ्याला तोरण बांधते, त्या खिळ्याला त्यांनी ती अडकवली.

"वायर तुमची," सरूबाई म्हणाली. पुढचं ती बोलली नाही. शेळ्या हाकत निघून गेली.

मला तेव्हा तात्यांची लाज वाटली. उघड लिहिते, कारण झाकून ती कमी झालेली नाही. ज्या माणसाचं नाव सांगून मी सासरी ताठ चालत होते, त्याच्याकडे मला बघवेना. मी आत जाऊन मिक्सरचं भांडं घासत बसले. रात्री जेवताना कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि पंचमीचा झोका मी खेळले नाही.

गावानं तक्रार केली नाही. तात्यांनी स्वतःच गेवराईला जाऊन सगळं सांगितलं, दंड भरला. गाव त्यांना टोचून बोलल्याचंही मी कधी ऐकलं नाही. फ्यूज गेला की बोलवायचे, ते जायचे, फ्यूज बांधून यायचे. पण आकडे पुन्हा पडू लागले, आधी चोरून, मग राजरोस. एकदा एक तरणा गडी घरी येऊन, अगदी प्रेमानं म्हणाला, "तात्या, आमच्याकडं बी एक टाकून द्या की. तुमच्या हातची बांधणी लई टिकती." तात्या उठून घरात गेले. काठी त्यांनी परत कधी हातात घेतली नाही.

बाळू पुण्याला नोकरीला लागला. कार्डं गेम खेळणाऱ्या पोरांना विकली. काही नाणी अजून त्याच्या मोबाइलमध्ये पडून आहेत म्हणे, भाव येईल या आशेवर. अजूनही कधी बोलता बोलता म्हणतो, "ताई, बिल नसतं ना, तर परवडत होतं." मी फोन ठेवून देते.

मागच्या उन्हाळ्यात तात्या गेले. सरूबाई आली, आईजवळ बसली. दारावरची गुंडाळी तशीच होती. तात्यांनी ती कुणाला काढू दिली नव्हती आणि आता काढायची कुणाची हिंमत नव्हती. नेण्याआधी पायांचे अंगठे बांधायचे म्हणून आईनं दोरा घेतला आणि उजवा अंगठा हातात धरून ती तशीच थांबली. सबंध आयुष्य फुटका राहिलेला तो अंगठा पूर्ण बरा झाला होता. नखसुद्धा सगळं आलं होतं, गुळगुळीत.

"बघ," आई मला म्हणाली, "त्या दिवसापासनं ह्यांना एकदा बी ठेच लागली न्हाई."