माझं न दुखणारं डोकं

माझं डोकं आयुष्यात कधी दुखलं नाही. दुसऱ्यांचं दुखवायचं काम मात्र मी चोख करतो, हे माझी बायको रेखा कुणालाही सांगेल. पण गोष्ट माझी नाही, सारोतेची आहे. मी फक्त त्या गोष्टीत घाण केली.

सारोते कुवेतच्या रिग्गई भागातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. मी ज्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढतो, तिथेच ती नर्स आहे. पन्नाशीची, दणकट बाई. हसली की टेबलावरचे कप हलतात. फिजी देशातल्या रोटुमा नावाच्या चिमुकल्या बेटाची. तिची माणसं जगात मोजकीच, आणि कुवेतमध्ये, तिच्या माहितीप्रमाणे, ती एकटीच. फिजीत शिकलेली तिची हिंदी ऐकून मला आधी वाटलं, बाई बिहारकडची की काय! मला ‘भैया’ म्हणते. गावाचा विषय निघाला की थांबत नाही. रविवारी शेतात कुणी पाऊल टाकत नाही, घंटा झाली की अख्खं गाव चर्चमध्ये. उशिरा येणाऱ्याकडे तिची आई मान वळवून अशी बघते, की पुढच्या रविवारी तो घंटेच्या आधी हजर.

डिसेंबरात त्या गावात गाणारी टोळी घरोघर फिरते. त्याला फारा म्हणतात. दारात गाणं झालं की घरच्यांनी गाणाऱ्यांच्या डोक्यावर पावडर टाकायची, अत्तर शिंपडायचं, कलिंगड कापायचं. सारोते दर वर्षी तीन फिलिपिनो नर्सेसना धरून आमच्या जिन्यात हे करायची. मग पांढऱ्या डोक्याचा फोटो आईला जायचा. तो बघून म्हातारी निश्चिंत व्हायची, की लेकीला दारात घेणारं तिथे कुणीतरी आहे.

गेल्या डिसेंबरात ही टोळी आमच्या दारात आली, तेव्हा भारताची शेवटची जोडी खेळत होती. मी दार उघडलं नाही. उलट हारिसला, म्हणजे आमच्या इजिप्शियन वॉचमनला, फोन लावला. मॅच बघतोय असं कसं सांगणार? म्हटलं, अर्धशिशी आहे, गाण्याने डोकं फुटतंय.

झालं! हारिसने वर येऊन निरोप दिला आणि सारोतेने गाणं तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी आल्याचा चहा घेऊन आमच्या दारात. तेव्हापासून रोज सकाळी क्लिनिकमध्ये, "भैया, सिर कैसा है?" आणि मी नालायक, कपाळाला हात लावून "चल रहा है" म्हणायचो. एकदा तर तिने बळजबरीने बसवून माझं बीपी घेतलं. बीपी उत्तम निघालं. मॅच हरलो होतो ते वेगळंच.

यंदा डिसेंबर लागला आणि रेखा एका संध्याकाळी वरून तणतणतच खाली आली.

"सारोतेच्या आईची नजर चाललीय. सावल्या दिसतात आणि पांढरं तेवढं दिसतं. गेल्या वर्षी फोटो गेला नाही, तेव्हापासून म्हातारी विचारतेय, तुला तिथे कुणीच नाही का? पुढच्या वर्षी तिला पांढरंही दिसायचं नाही."

"मग स्वतःच पावडर टाकायची आणि काढायचा फोटो," मी अक्कल पाजळली.

"मीही तेच म्हटलं. म्हणाली, आईला फसवू? आणि इथे गाणार नाही, भैयांचं डोकं दुखतं." रेखा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमचं डोकं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक वर गेलो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणालो, "सिस्टर, शुक्रवारी सकाळी आमच्या दारात गायला या. डोकं बरं झालं."

शुक्रवारी चौघी आल्या. शेजारचे दापोलीचे कमालभाई अत्तराची बाटली घेऊन आले, त्यांच्या बायकोने, असमाने, कलिंगड कापलं. घरात सापडली ती घामोळ्यांची पावडर मी सारोतेच्या डोक्यावर अख्खी रिकामी केली. कमालभाईंनी त्यातली मूठभर उचलून माझ्याही टकलावर थापली. सारोतेने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. म्हातारीने फोन डोळ्याला चिकटवला, मग लेकीसारखीच गदगदून हसली. तिला दिसलं होतं!

मग तिने काहीतरी विचारलं. सारोते उत्तरली, "दिनकर भैया." आणि फोनमधून चार-पाच आवाज एकदम आले, "दिनकर! दिनकर!"

"मला कसे ओळखतात?"

"वर्षभर दर रविवारी गावच्या चर्चमध्ये तुमच्या डोक्यासाठी प्रार्थना चालू आहे," सारोते म्हणाली. "आई विचारते, फरक पडला का?"

आता मात्र राहवलं नाही. "सिस्टर, माझं डोकं कधी दुखलंच नव्हतं. मी मॅच बघत होतो."

सारोतेने माझ्या पांढऱ्या टकलाकडे एकदा बघितलं. मग फोनकडे वळून एकच वाक्य बोलली. तिकडे टाळ्या पडल्या, म्हातारीने दोन्ही हात वर केले.

"काय सांगितलंत?"

"भैयाचं डोकं आता अजिबात दुखत नाही."

"पण आईला फसवणार नाही म्हणाला होतात ना?"

"फसवलं कुठे? आधी दुखत होतं का, ते तिने विचारलंच नाही."

मी सगळ्यांसमोर रडलो. पावडर डोळ्यात गेली असं सांगता आलं असतं, पण सांगितलं नाही.