न कापलेली किनार

आकाशकंदिलासाठी बायकोने कणकेची खळ शिजवली आणि त्या वासासरशी मला शंकर नगरातलं आमचं नकाशांचं जुनं ऑफिस आठवलं. तिथे असताना एके दिवशी एक शिकाऊ वैमानिक त्याच्या छोट्या विमानासह सकाळपासून बेपत्ता होता. त्याचा शेवटचा निरोप कुठून आला, वेग किती, इंधन किती मिनिटांचं उरलं, यावरून साहेबांनी तो जास्तीत जास्त किती दूर गेला असेल ते काढलं. शेवटच्या निरोपाची जागा नेमकी दोन नकाशांच्या सीमेवर होती, म्हणून मी दोन्ही कागद खळीने जोडले, पण घाईत पूर्वेकडच्या कागदाची कोरी किनार कापलीच नाही. त्यावर कंपासने वर्तुळ काढलं आणि शोधपथकं निघाली. दुपार उलटल्यावर आमच्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने जोडावर बोट ठेवलं. "काहून रे, हा पांढरा पट्टा कोणत्या तहसिलीत येते?" दोन बोटं रुंद पट्टा, म्हणजे जमिनीवर दहा किलोमीटर. कंपासने तो कोरा पट्टाही जमीन म्हणून मोजला, त्यामुळे पूर्वेला वर्तुळ तेवढं तोकडं पडलं होतं. मी जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी नवं वर्तुळ काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वगळलेल्या त्याच भागात तो सापडला, पाय मोडलेला, पण शुद्धीवर. "काल दिवसभर हेलिकॉप्टर लांबवर दिसत होतं," तो म्हणाला, "मी शर्ट हलवत होतो." "कंदिलाच्या कागदाची किनार काहून कापून राहिले? आत दबून जाते नं," बायको म्हणते. मी कात्री खाली ठेवत नाही.