मृत्यूचा प्रसंग : नाही

१९८१ सालच्या मार्चमध्ये, एका शनिवारी दुपारी, माझ्या सहा वर्षांच्या बहिणीने आमच्या धाकट्या भावाची कबर स्वयंपाकघरातल्या सराट्याने, म्हणजे उलथण्याने, उकरली. खड्डा वीतभर खोल होता. भाऊ आदल्या ऑगस्टमध्ये तापाने गेला होता. त्याला तीन वर्षं पुरी झाली नव्हती.

या घटनेचा संबंध एका सिनेमाशी आहे.

आम्ही हिंगणघाटला राहत होतो. गावात ख्रिस्ती घरं थोडी होती आणि बहुतेक सगळी एकाच मंडळीची, म्हणजे एकाच चर्चची. दर वर्षी नाताळाआधीच्या रविवारी शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबलवर्गाच्या, मुलांना सिनेमा दाखवत. नागपूरहून एस.टी.ने पत्र्याच्या डब्यात रिळं यायची. भाऊ गेला त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या कार्टूनमध्ये एक चेटकीण निघाली. दोन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. एक बाई पाळकसाहेबांना तोंडावर म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं भगत सोडला, अन् तुमी देवळात चेटकीण आणली." तेव्हापासून सिनेमा मुलांना दाखवण्याआधी तिघांनी पाहायचा असं ठरलं: पाळकसाहेब, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका आणि माझे वडील. वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सिनेमे इंग्रजीत असत, म्हणून मुलांना मराठीत सांगायचं कामही त्यांच्याकडेच.

बाबांनी फुलस्केप कागदावर प्रश्न काढले. जादूटोणा आहे काय. मूर्तिपूजा आहे काय. मद्यपान आहे काय. अंगप्रदर्शन आहे काय. पाचवा प्रश्न त्यांनी ऐन वेळी घातला: मृत्यूचा प्रसंग आहे काय. तो आईच्या सांगण्यावरून. तपासणीला निघताना ती दारात त्यांना म्हणाली होती, "बाकी काई बी असू द्या. पोरीसमोर मरण नको. तेवढं पाहून घेजा."

तपासणी आदल्या शनिवारी संध्याकाळी देवळातच झाली. खिडक्यांना सतरंज्या लावायला मी गेले होते, म्हणून मलाही पाहायला मिळालं. पडद्यावर कोट घातलेला एक गुबगुबीत प्राणी आला.

"मास्तर, हे घूस व्हय का?" गार्डकाकांनी विचारलं.

"घूस नाई. तिकडचा उंदीर समजा."

"आमच्या नातवाले धड सदरा नाई, अन् उंदराले कोट!"

"गार्डसाहेब, जादू पाहा. कोट नका पाहू," पाळकसाहेब म्हणाले.

मग चष्मा लावलेलं घुबड आलं. ते जंगलातल्या पिलांची शाळा घेत होतं. गार्डकाका उठून उभे राहिले. "हे नाई चालत. घुबड गुरुजी? अपशकुनी जात!"

"अपशकुन मानणंच आपल्यात चालत नाई, गार्डसाहेब. बसा," पाळकसाहेब म्हणाले.

गार्डकाका बसले. बाबा हसत होते. ऑगस्टनंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं ते त्या संध्याकाळी.

गोष्ट साधी होती. थंडी पडते, बर्फ येतो. तो प्राणी जमिनीत बीळ करतो, आत निजतो. वर सगळं पांढरं होतं. मग ऊन येतं, माती फुगते, तो बाहेर निघतो आणि ओढ्यावर जाऊन पाणी पितो. त्याचे सोबती त्याच्याभोवती नाचतात. नाचाबद्दल थोडी चर्चा झाली. पाळकसाहेब म्हणाले, बायबलातला दावीद राजाही नाचला होता. बाबांनी पाचही प्रश्नांपुढे "नाही" लिहिलं आणि खाली "ख्रिस्ती कुटुंबांस योग्य" असं लिहून सही केली. पाळकसाहेब म्हणाले, इतका निर्मळ सिनेमा आजवर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मुलांना दाखवला. बहीण पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती. बाबा पडद्याशेजारी उभे राहून सांगत होते. "आता हा निजला. मातीत ऊब असते. त्याला थंडी वाजत नाही. ऊन तापलं की तो उठेल."

आमच्यात मेला म्हणत नाहीत. प्रभूमध्ये निजला म्हणतात. भाऊ गेला त्या दिवशी बहिणीला बाबांनीच सांगितलं होतं की बाळ निजला. कबरेशी पाळकसाहेबांनीही तोच शब्द वापरला. पडद्याशेजारून बाबा तेच बोलले, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

जानेवारीत तिने आईला विचारलं, आपल्याकडे बर्फ पडत नाही तर ऊन लवकर येतं का. आई म्हणाली, येते. फेब्रुवारीत ती दुपारी अंगणात उन्हात तळहात पसरून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "पाहून राह्यली, तापलं का."

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळची शाळा होती. जेवून आई आडवी झाली. बाबा शाळेतच होते. दोनच्या सुमाराला बहीण सराटा आणि पाण्याने भरलेलं फुलपात्र घेऊन निघाली. कब्रस्तानाच्या वाटेवर गार्डकाकांचं घर होतं. ते ओसरीवर होते.

"कुठं चालली वं उन्हाची?"

"बाळाले उठवाले."

भातुकलीचा खेळ असेल, असं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने त्यांना चैन पडेना, म्हणून ते आमच्याकडे आले. हे त्यांनी नंतर आईला सांगितलं.

आई आणि मी धावलो. मधल्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. आईच्या पायात चप्पल नव्हती. बहीण कबरेशी उकिडवी बसली होती. कडेच्या विटा तिने काढून एका बाजूला नीट रचल्या होत्या. फुलपात्र सावलीत ठेवलं होतं.

"काय करून राह्यली तू?"

"हळू बोल न, आई. उठून राह्यला तो."

आई खाली बसली. तिने हातांनी माती परत लोटायला सुरुवात केली. बहिणीने तिचे हात धरले. "नको टाकू. त्याच्या तोंडात जाईल."

चार वाजता बाबा घरी आले. आईने त्यांना सांगितलं. मग म्हणाली, "मी तुमाले एकच गोष्ट सांगतली होती."

"मरण नव्हतं त्यात," बाबा म्हणाले.

त्यांनी बहिणीला मांडीवर घेतलं. तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. "बाळ मेला, बाई. तो आता उठत नाई."

"पाळकसाहेब तं म्हणते उठन म्हणून."

"ते येगळं."

"काऊन येगळं?"

बाबा शब्बाथशाळेत मोठ्या मुलांना हाच धडा शिकवत. शेवटच्या दिवशी मृत कसे उठतील, हे त्यांना वचनांच्या आकड्यांसकट पाठ होतं. त्या दिवशी ते तिच्या नखांतली माती काढत राहिले.

"मंग निजला काऊन म्हटलं?" तिने विचारलं.

संध्याकाळी बाबांनी जाऊन विटा परत लावल्या. त्या वर्षीच्या नाताळात मंडळीत सिनेमा आला नाही. का, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

बहीण पुन्हा कब्रस्तानात गेली नाही. पण त्या उन्हाळ्यात घरात कुणी दुपारी आडवं झालं की ती येऊन खांदा हलवायची. डोळे उघडेपर्यंत हलवायची. आईला, मला, सगळ्यांत जास्त बाबांना.

"जागा आहो न बाई, आहो," बाबा म्हणायचे. ती जायची, आणि पाच मिनिटांनी परत यायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून बाबा दुपारभर खुर्चीत बसू लागले. समोर वर्तमानपत्र असायचं. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ते दुपारी एकदाही आडवे झाले नाहीत.