महालक्ष्म्यांपुढे जाहीर झालेली सूट

सरकारने बाजारात उत्साह आणायचं ठरवलं आणि आमच्या दुकानात होता नव्हता तो उत्साहही निघून गेला. बेसा भागात आमचं टीव्ही, एसी, वॉशिंग मशीनचं छोटं दुकान. नवऱ्याने मिहानमधल्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ते टाकलं होतं. आमच्या दोघांत ठरलेलं होतं, की दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत नोकरी धरायची.

गणपतीच्या तोंडावर बातमी आली, की लोकांनी खरेदी करावी म्हणून कर कमी होणार, नवरात्रापासून वस्तू स्वस्त मिळणार. झालं! उद्या स्वस्त मिळणार म्हटल्यावर आज कोण घेतो? माणसं यायची, आमच्या एसीच्या गारव्यात उभं राहून मोठ्या टीव्हीवर अर्धी मॅच बघायची आणि "मंग येतो" म्हणून निघायची. गंमत म्हणजे मोठे टीव्ही आणि एसीच तेवढे स्वस्त होणार होते. फ्रिज आणि वॉशिंग मशीन त्यात नव्हते, त्यांच्यावरचा कर आधीच कमी होता. नवरा हे घसा कोरडा होईस्तोवर सांगायचा, पण दुकानदाराचं ऐकतो कोण?

घरात तर मुळीच नाही. माझ्या सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. त्यांच्या लहानपणी सूत देणारा आणि साडी विकत घेणारा व्यापारी एकच असायचा, आणि तो प्रत्येक साडीत खोट काढून भाव पाडायचा. तेव्हापासून दुकानदार जे बोलेल त्याच्या उलट खरं, हा त्यांचा नियम. पोटचा पोरगा दुकानदार झाला म्हणून तो काही बदलला नाही. त्यांचा खांदा दुखतो, म्हणून त्यांच्यासाठी कपडे धुवायचं मशीन घ्यायचं चाललं होतं. नवरा म्हणाला, "आई, आताच घेऊन टाक. मशीनचा भाव नाही उतरत."

"चूप बैस. टीव्हीवर सांगून राहिले ते खोटं, अन् तू एकटा खरा काय?"

मग घरी महालक्ष्म्या बसल्या. कॉलनीतल्या बायका जेवायला आल्या. आंबील, कढी, सोळा भाज्या, सगळं साग्रसंगीत. वाढता वाढता सासूबाईंना मुलाच्या रिकाम्या दुकानाचा एकाएकी कळवळा आला.

"बाया हो, थांबजा वं! नवरात्र लागलं की माह्या पोराच्या दुकानातच येजा. सगळंच स्वस्त होऊन राहिलं. मशीन बी!"

मी आपली कढी वाढत राहिले. भर पंगतीत, देवीसमोर, सासूला खोटं पाडणारी सून अजून जन्मायची आहे. बायका गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, की एकेकीला गाठून सांगून टाका. पण आईचा शब्द दारोदार जाऊन परत घ्यायचा त्याला धीर होईना. "विसरून जातील वं त्या," तो म्हणाला. बायका जेवण विसरतील, सूट विसरतील होय? त्यात पितृपक्ष लागला आणि मग तर कोणी साधा बल्बही घेईना. नवऱ्याची झोप उडाली आणि माझी चिडचिड वाढली.

घटस्थापनेला मात्र शटर वर जायच्या आधीच माणसं उभी! एसी हवा, मोठा टीव्ही हवा. नारळ फोडायला सासूबाईही आल्या होत्या आणि स्टुलावर ऐटीत बसल्या होत्या. तेवढ्यात पंगतीतल्या तिघी आल्या आणि त्यांनी मशीनचा भाव विचारला. नवऱ्याने सांगितला. तो जुनाच होता.

त्यातली एक भडकली. "काहून जी? तुमच्याच आईनं देवीपुढं सांगितलं. सरकारनं सूट दिली अन् तुम्ही मधातच खाऊन राहिले?"

टीव्ही पसंत करून बसलेलं एक कुटुंब हळूच दाराकडे सरकलं. नवऱ्याने आईकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता कान लाल करून उभा राहिला. त्याच्याकडे पाहून माझा जीव तुटला. एवढी सगळी गिऱ्हाइकं, आणि ती आता आम्हाला चोर समजून पाठ फिरवणार.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. "त्याले कायले बोलता? त्यानं मले पयलेच सांगितलं होतं. मीच आयकलं नाही. देवीपुढं मी खोटं बोलली, माह्या पोरानं नाही." आणि त्याच दमात मुलाला, "माही मशीन काढ."

"आई, तुले काय भाव लावू मी?"

"सगळ्याले लावून राहिला तोच."

भडकलेली बाई तणतणत निघून गेली. उरलेल्या दोघींपैकी एकीने मशीन सोडून एसीचं विचारलं, आणि दाराकडे सरकलेलं कुटुंब परत टीव्हीसमोर येऊन उभं राहिलं. मग आम्हाला पाणी प्यायलाही सवड मिळाली नाही.

दुपारी नवरा एक खोकं रिक्षात चढवत होता, तेव्हा काउंटरवर त्याचा मोबाइल वाजला. मिहानमधल्या जुन्या साहेबांचा. मी हात पुढे करेपर्यंत सासूबाईंनी तो कानाला लावलासुद्धा. पलीकडचं सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. दिवाळी अजून यायची होती आणि दुकान ठेवायचं की नोकरी धरायची, हे आमचं अजून ठरायचं होतं.

"नाही जी," त्या म्हणाल्या, "नोकरीचं नका विचारू आता. माहा पोरगा दुकानदार आहे."